चेहरा दिसता कामा नये

विजयनगरला, तिसऱ्या मजल्यावर, रात्री
मी माणसांचे चेहरे पुसते.
शनिवारी नऊला लागतो आमचा कार्यक्रम.
या आठवड्याचा विषय कामावरची नशा,
मागच्या आठवड्यात हप्त्यांत बुडालेली घरं होती,
त्याआधी कान्ह नदीतला फेस.
बावीस मिनिटं, तीन ब्रेक.
कोठारीसाहेब म्हणतात, पहिल्या ब्रेकआधी
कुणीतरी रडलं पाहिजे.

हा माणूस रडत नाही.
पिथमपूर, प्रेस शॉप, लागोपाठ दोन पाळ्या.
जागायला गोळ्या, झोपायला क्वार्टर,
आणि दोन्हींसाठी मोबाइलवरून घेतलेलं कर्ज,
हे सगळं तो सांगतो
भाजीचा भाव सांगावा तसं.
पडद्यावर त्याचं नाव राकेश.
फाइलवर मात्र निमिषनं घाईत तसंच ठेवलंय:
बनवारी चौकसे, परदेशीपुरा, टेक दोन.

चेहऱ्यावर गोल टाकला की झालं, असं लोकांना वाटतं.
माणूस हलतो.
गोलाला त्याच्या मागे न्यावं लागतं,
सेकंदाला पंचवीस वेळा.
तो खाली बघतो, मी खाली.
बायको चहा ठेवून जाते, आम्ही दोघं दाराकडे.
फक्त हप्त्याचा आकडा सांगताना
तो इतका स्थिर झाला
की गोलाला, मला, दीड मिनिट
काहीच काम उरलं नाही.

आवाज जाडा केला.
जाड्या आवाजात कुणीही चोर वाटतो.
थोडा उतरवला.

मग लक्षात आलं, उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत.
गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखेल.
हात झाकला.
मागे किराणा दुकानाचं कॅलेंडर, खाली दुकानाचा पत्ता,
पाच तारखेवर लाल गोल.
पत्ता झाकला, गोल राहू दिला.
खुंटीवर निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव.
त्यासाठी तर साहेबांचा फोनच आला:
"ते आधी घालव, बेटा. दिवाळीची जाहिरात त्यांची आहे."

झाकत झाकत इतकं झाकलं
की सगळ्या खोलीत
स्वच्छ दिसत होती एक कपबशी.
कप बशीवर वाजत होता.
टक. टकटक. टक.
नियमानं तो आवाज काढायचा असतो, खरखर म्हणून.
मी दोनदा काढला
आणि दोनदा परत घातला.

साडेतीनला निमिष आला, ट्रायपॉडच्या पिशवीतून
गोळ्यांची पट्टी काढून म्हणाला,
"घे. त्याच दुकानातली. त्यानंच दाखवलं दुकान,
साधा माणूस आहे रे भिया."
तो हसला. मीही.
माझ्या पर्समध्ये आधीची अर्धी पट्टी होती,
ते काही मी बोलले नाही.

सकाळी कचरागाडी आली, गाणं वाजवत.
रिकामी पट्टी घेऊन मी उभी.
ओला नाही. सुका म्हणावा तर
गाडीवरच्या बाईनं माझ्या हातातून ती घेतली,
उजेडात धरून बघितली, मग मला बघितलं,
आणि मागच्या छोट्या काळ्या डब्यात टाकली.
त्या डब्यात काय काय जातं
मी विचारलं नाही.

शनिवारी लोकमान्यनगरला, आईकडे.
ती पोळ्या आवरून बसली, चष्मा लावून,
माझं नाव शेवटी येतं ते वाचायला.
पहिल्या ब्रेकच्या आधी बायको रडली. घेतली होती ती आम्ही
वेगळी, दुपारच्या उजेडात.
जाहिराती लागल्या. निळे शर्ट, हसरे कामगार, सुरक्षेची शपथ.
आईनं आवाज बंद केला.
"चेहरा कशाला झाकलात गं एवढा?" म्हणाली,
"कप तर वाजतोय."

आणि मग ती टीव्हीकडे बघत नव्हती.

मी माझा कप बशीतून उचलला
आणि सरळ टेबलावर ठेवला.